कुंभारकामाच्या चाकावरून उरलेल्या मातीचा गारा आठवडाभर सुकतच नाही, गुठळ्याही राहतात. किती दिवस ठेवावा?

दिवस मोजू नका. गुठळ्या सुकवताना होत नाहीत, त्या भिजवताना राहतात. चाकाखालची ओलसर माती तुम्ही तशीच बादलीत टाकत असणार. "ओलीच आहे, लवकर विरघळेल" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. नाही विरघळत! तिच्या छिद्रांत आधीच पाणी भरलेलं असतं, नवं शिरणार कुठून? गोळा साबणाच्या वडीसारखा बुडून राहतो, वरून बुळबुळीत, आत घट्ट. तेच तुकडे खडखडीत वाळवून टाका. पाणी आत ओढलं जातं, कोंडलेली हवा बुडबुडे काढत सुटते आणि तुकडा पापुद्रे सोडत डोळ्यांदेखत ढासळतो. पटत नसेल तर एका ग्लासात ओला तुकडा टाका, दुसऱ्यात वाळलेला. दहा मिनिटांत वाद मिटतो.

तुकडा पुरता वाळला का, हे गालाला लावून बघा: वाळलेला गार लागत नाही. पाणी मातीच्या वर चार बोटं ठेवा आणि 24 तास हात लावू नका. आधीच ढवळलं तर तुकड्यांवर गाऱ्याचा लेप बसतो आणि पाणी अडतं. मग वरचं नितळ पाणी नळीने काढा, घोटा, 30-40 मेशच्या (इंचाला 30-40 छिद्रं असलेल्या) चाळणीतून गाळा. ग्रॉगची (भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेली) माती असेल तर चाळणी जाड घ्या. चाकाच्या घमेल्यातलं गढूळ पाणी मात्र मोरीत ओतू नका. सगळ्यात बारीक कण त्यातच असतात. ते गेले की मळताना कडा फाटतात, आणि पाइप तुंबतो तो वेगळाच.

आता सुकवणं. 10 किलो प्लास्टर ऑफ पॅरिसला 7 लिटर पाणी घेऊन 5 सेंमी जाडीची लादी ओता. तिच्यावर गारा 3-4 सेंमी पसरा, कडा सुटल्या की पालथा करा. लादी कोरडी असेल तर एका दिवसात काम होतं. तुमचा आठवडा जातोय म्हणजे बहुधा लादीच ओली आहे, पावसाळ्यात तर हमखास. ती विटांवर उभी करून पंखा लावा. ओव्हनमध्ये नको, 50 अंशांच्या वर प्लास्टरच्या जिप्सममधलं पाणी सुटू लागतं आणि लादी भुसभुशीत होते. लादीवरून गारा पत्र्याने खरवडू नका. प्लास्टरचा कण मातीत गेला तर भट्टीत त्यातलं पाणी उडून जातं, तो नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. लादी नसेल तर उशीचा जुना अभ्रा गाऱ्याने अर्धा भरून टांगा.

बोटाला चिकटायची थांबली की माती तयार. वजनावरूनही कळतं: 10 किलो वाळलेल्या मातीची साधारण 12.5 ते 13 किलो व्हायला हवी.

हो, एक राहिलं. वाळलेले तुकडे फोडायचे तर एन-95 लावून, पिशवीत घालून फोडा, त्या धुळीत सिलिका असते. आणि सोडियम सिलिकेट (गारा पातळ करणारं रसायन) घातलेली साच्याची स्लिप, म्हणजे साच्यात ओतायची पातळ माती, या बादलीत कधीही ओतू नका, कितीही थोडी असली तरी.