‘ब्लॅक वॉच’मधला वॉच कोणता?

प्रश्न असा: गडद हिरव्या-निळ्या चौकड्यांच्या शर्टाला ऑनलाइन दुकानांत ‘ब्लॅक वॉच’ म्हणतात आणि खाली मराठीत ‘काळे घड्याळ प्रिंट’ असं लिहिलेलं असतं. हे नाव आलं कुठून, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

‘काळे घड्याळ प्रिंट’चं आधी आटोपू. तीन शब्दांत दोन चुका म्हणजे बरीच मजल झाली. टार्टन, म्हणजे स्कॉटलंडचं चौकड्यांचं कापड, छापत नाहीत, विणतात. ताण्यात रंगीत धाग्यांचा जो क्रम तोच बाण्यात, म्हणून चौकडा उमटतो. आणि या चौकड्याचा घड्याळाशी संबंध नाही. तिथे वॉच म्हणजे पहारा.

1725 साली ब्रिटिश सेनेच्या जनरल वेडने स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, हायलँड्समध्ये, सहा स्वतंत्र तुकड्या उभ्या केल्या: तीन कॅम्पबेल कुळाच्या, एकेक फ्रेझर, ग्रँट आणि मन्रो या कुळांची. काम काय, तर बंडखोर कुळांवर नजर ठेवायची, हत्यारं काढून घ्यायची, गुरं पळवणाऱ्यांना आवरायचं. 1739 मध्ये त्यांचं रेजिमेंट करायचा हुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी टे नदीकाठी ॲबरफेल्डीला ती प्रथम एकत्र उभी राहिली. आधी नंबर 43, नंतर 42. लोक मात्र तिथल्या गेलिक भाषेत ‘फ्रेच्कदान दू’ म्हणत, म्हणजे काळा पहारा. सरकारदरबारी हे नाव अधिकृतपणे चिकटलं ते थेट 1861 साली.

आता गंमत ऐका. इंग्रजीतला वॉच हा ‘जागणं’ या अर्थाच्या ‘वेक’चा सख्खा भाऊ. जो जागतो तो पहारेकरी. रात्रीचा पहारा पाळीपाळीने करायचा, म्हणून पाळीलाही वॉच म्हणू लागले. जहाजावर चार तासांचा एक वॉच असतो तो हाच. काळाच्या तुकड्याचं नाव झालं, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काळ दाखवणाऱ्या छोट्या यंत्रालाही तेच नाव मिळालं. म्हणजे प्रवास पहाऱ्याकडून वेळेकडे. आपल्याकडे बरोब्बर उलटी वाट! मूळ शब्द प्रहर, दिवसरात्रीचा आठवा भाग, तीन तास. प्रहराचा झाला पहर, आणि प्रहरभर राखण करायची तो पहारा. आपण वेळेकडून निघालो आणि पहाऱ्यावर पोचलो. दोन भाषांतले शब्द असे वाटेत एकमेकांना ओलांडून जाताना दिसले की माझा दिवस चांगला जातो. ‘पहारा हा पाहणे या क्रियापदावरून’ असं ठासून सांगणारे भेटतात. त्यांनी शेवटचा ‘रा’ कुठून आणला तेवढं सांगावं. आणखी एक चव घ्या: वॉच-वेक यांचं मूळ भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘वाज’शी, म्हणजे बळ, जोम याच्याशी जोडतात. वाजी म्हणजे घोडा, तो त्यातलाच. तेव्हा वॉच आणि वाजीकरण हे लांबचे का होईना, भाऊबंद.

असो. राहिला ‘काळा’. इथे तीन पंथ आहेत. एक म्हणतो, आपल्याच डोंगरी लोकांवर इंग्रजांची नोकरी करणारे काळ्या मनाचे, म्हणून काळा. मार्गदर्शकाने पर्यटकांना सांगायला ही गोष्ट झकास आहे, पुराव्याचं विचारू नका. दुसरा पंथ ‘ब्लॅकमेल’कडे धावतो. त्यातला मेल म्हणजे टपाल नव्हे. स्कॉट बोलीत मेल म्हणजे खंड, भाडं. गुरं चोरीला जाऊ नयेत म्हणून द्यायची खंडणी ती ब्लॅकमेल, आणि ती बंद पाडणारा तो ब्लॅक वॉच. (आपल्या चौथाईला इंग्रजांनी हाच शब्द लावला. स्वतःची खंडणी तेवढी ‘तैनाती फौजेचा खर्च’.) हा पंथ अगदीच टाकाऊ नाही. सरकारच्या आधीपासून खाजगी ‘वॉच’वाले होतेच, आणि चोरापासून राखणारा व चोर यांच्यातली रेघ तिथे पुसटच होती. रखवालीचा हक्क घेणारे आपल्याकडचे रामोशी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

पण माझं मत तिसऱ्या पंथाला. गेलिक लोक इंग्रजी फौजेला ‘लाल शिपाई’ म्हणत, त्यांच्या तांबड्या डगल्यांवरून. मग गडद टार्टन गुंडाळून हिंडणारे डोंगरी पहारेकरी काळेच ठरणार. लोक पलटणीला नाव देतात ते अंगावरचा रंग बघून, मनाचा शोध घेऊन नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनला ‘काळी पाचवी’ म्हणतात. तिच्या मनाच्या रंगाची चौकशी कुणी करतं का? काही पंडित तिन्ही कारणं ‘थोडीथोडी खरी’ मानून मोकळे होतात. याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत, मिसळ म्हणतात.

हां, शर्ट. ब्लॅक वॉच हे आधी पलटणीचं नाव, मग तिच्या पटाचं, म्हणजे टार्टनचं. त्या पटात निळा, हिरवा आणि काळा, एवढेच रंग. कुठल्याही गडद चौकड्याला ब्लॅक वॉच म्हणणं चूक. पिवळी रेघ दिसली तर बहुधा गॉर्डन. पांढरी आणि तांबडी दिसली तर मॅकेन्झी, म्हणजे 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर आलेल्या 78व्या हायलँडर पलटणीचा पट. मूळ विणीवर एखादी रेघ वाढवून इतर पलटणींनी आपापले पट बेतून घेतले. ब्लॅक वॉचच्या पटाचं दुसरं नाव ‘गव्हर्नमेंट टार्टन’, आणि तो घालायला कुणाच्या कुळाची परवानगी लागत नाही. 1746च्या कायद्याने हायलँड्समधल्या पुरुषांना टार्टनचा पोशाख बंद झाला तेव्हाही सैनिकांना सूट होती. बंदी उठली 1782 साली.

मराठीत नाव ‘ब्लॅक वॉच’च ठेवावं, विशेषनामाचं भाषांतर करू नये. वर्णनच हवं असेल तर ‘हिरवा-निळा चौकडा’ म्हणा. ‘चेक्सवाला’ म्हटलंत तरी चालेल, घड्याळ तेवढं काढा.