तिच्या आईला घाबरट म्हणू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुमची मुलगी पुढच्या वर्षी एका सेमिस्टरसाठी स्पेनला जाणार, तिच्या ब्लॅक रूममेटलाही जायचंय, मार्कही चांगले आहेत, पण त्या रूममेटची आई नको म्हणते. आणि पुढे तुम्ही विचारलंय, "यांची मुलं बाहेर जायला एवढी का कचरतात?" गेली चौदा वर्षं मी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका विद्यापीठाच्या स्टडी अब्रॉड ऑफिसात काम करते, तेव्हा जरा लांबण लावणार आहे.

आधी ते 'कचरतात' काढून टाकू. ब्लॅक मुलं बाहेर कमी जातात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत साधारण आठातला एक विद्यार्थी ब्लॅक, पण परदेशी शिकायला जाणाऱ्यांत त्यांचं प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच घोटाळतं. पण माझ्यासमोर बसून "भीती वाटते" म्हणणारी मुलं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. "या सेमिस्टरला जमणार नाही" म्हणणारी मात्र ढिगानं. आणि ते 'या सेमिस्टरला' शेवटपर्यंत तसंच राहतं.

पैसा म्हटलं की आपल्याला विमानाचं तिकीट आठवतं. खरी गोची तारखांची आहे. पेल ग्रांट (कमी उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न फेडायची सरकारी मदत) आणि सरकारी कर्ज परदेशातल्या सेमिस्टरलाही लागू होतं, फक्त तिथले क्रेडिट आपल्या कॉलेजनं धरले पाहिजेत. हेच कित्येकांना कुणी सांगितलेलं नसतं. (कॉलेजची स्वतःची स्कॉलरशिप बाहेरच्या संस्थेच्या प्रोग्रॅमला चालेलच असं नाही, ते आधी विचारायचं.) पण हे सरकारी पैसे सेमिस्टरच्या फार तर दहा दिवस आधी सुटतात, आणि डिपॉझिट, व्हिसा, तिकीट हे सगळं त्याच्या कितीतरी महिने आधी भरायचं असतं. आपल्या घरात दोन हजार डॉलर क्रेडिट कार्डावर टाकले जातात आणि विषय संपतो. जिथे तसं कार्डच नाही तिथे मंजूर झालेली मदतही उपयोगाची नाही. पहिला पासपोर्टच 165 डॉलरचा, आणि बऱ्याचदा तो अख्ख्या घरातला पहिला पासपोर्ट असतो.

शिवाय बुडणारी कमाई. रूममेट शनिवार-रविवार काम करते असं तुम्हीच लिहिलंय. ती चार महिने बंद. त्यातले थोडे घरी जात असतील तर तिकडचंही गणित कोलमडतं. माझ्या सुरुवातीच्या काळात एका मुलीनं मिळालेली स्कॉलरशिप परत केली होती. मला तिचा रागच आला. नंतर कळलं, ती हॉस्टेलची आरए, म्हणजे तिथल्या मुलांवर देखरेख ठेवणारी विद्यार्थिनी होती, त्या कामापोटी तिला खोली फुकट होती, आणि एक सेमिस्टर गेली की खोली दुसऱ्याची. पाच हजारांसाठी तिनं डोक्यावरचं छप्पर घालवायला हवं होतं का?

हा अडथळा आजचा नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याच्या तेवीस वर्षं आधी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचंही असंच झालं. 1892 मध्ये कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या स्लेटर फंडाच्या पैशावर ते बर्लिनला गेले. डॉक्टरेटसाठी अजून थोडा काळ तिथे राहणं गरजेचं होतं, फंडानं पुढचे पैसे नाकारले. 1894 मध्ये ते परतले आणि पुढच्या वर्षी हार्वर्डची पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. 1946 मध्ये बाबासाहेबांनी याच डु बॉइसना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

आता आई. अमेरिकेत ब्लॅक मुलगा गाडी चालवायला लागला की पोलिसांनी थांबवलं तर हात कुठे ठेवायचे हे घरात शिकवतात. तीच आई मला विचारते, "तिकडे काही झालं तर पोलीस हिच्याशी कसे वागतील?" याला घाबरटपणा म्हणत नाहीत. आणि "तिकडे तसलं काही नसतं" हे उत्तर खोटं आहे. स्पेन-इटलीहून परतलेल्या मुली सांगतात की दुकानात पाळत ठेवली गेली, रात्री रस्त्यात कुणीतरी भाव विचारला. चीनहून आलेले सांगतात की न विचारता फोटो काढले, केसांना हात लावला. केसांचं हसण्यावारी नेऊ नका. वेण्या घालून देणारं कुणी त्या गावात आहे का, तेल-क्रीम कुठे मिळतं, हे आमच्या माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही, कारण ती लिहिणाऱ्यांना तो प्रश्न कधी पडलेला नसतो.

आपलं गावही यातून सुटत नाही. आमची एक विद्यार्थिनी पुण्यात राहून आली. रिक्षावाल्यानं विचारलं, "नायजेरिया?" ती म्हणाली, शिकागो. "हां, पण मूळ?" हे ती हसत सांगते. फोनवर ठरलेली खोली दारात उभी राहिल्यावर 'कालच गेली' झाली, ते मात्र हसत सांगत नाही. 2017 मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर जमावानं हल्ले केले, ते तिच्या आईनं अटलांटात बसून वाचलं होतं. आणि हो, आपल्या इथल्या मराठी पार्ट्यांत 'कल्लू' म्हणतात ना, तो शब्द त्या रूममेटला केव्हाच कळलेला असतो.

मग जायचं कशाला? माझं मत विचाराल तर जावंच. तिकडे गेल्यावर पुष्कळांना आयुष्यात पहिल्यांदा समोरचा आधी 'अमेरिकन' म्हणतो, मग बाकीचं. ते सगळ्यांनाच रुचतं असं नाही. घानाला 'आपल्या माणसांत' म्हणून गेलेल्या एका मुलाला पोरंटोरं 'ओब्रोनी' म्हणजे परदेशी, गोरा म्हणून हाका मारत होती. तो आठवडाभर खट्टू होता. नंतर केप कोस्टचा किल्ला, जिथून गुलामांची जहाजं सुटायची, तो तीन वेळा पाहून आला आणि परतल्यावर चक्क मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलून इतिहास घेतला. जॉर्जियाच्या सरकारी विद्यापीठांच्या एका मोठ्या अभ्यासात बाहेर जाऊन आलेल्यांचं वेळेत पदवी घेण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि ब्लॅक विद्यार्थ्यांत तो फरक एकूण सरासरीपेक्षाही मोठा होता. मुळात जिद्दीचीच मुलं जातात, म्हणून असेल थोडं. तरी मला ते पटतं.

आणि जिथे कॉलेज मनावर घेतं तिथे मुलं जातातच. अटलांटाच्या स्पेलमन या ब्लॅक मुलींच्या कॉलेजातून, पुढे मुलांच्या हक्कांसाठी लढलेल्या वकील मेरियन राइट एडेलमन 1950 च्या दशकातच स्कॉलरशिपवर पॅरिस-जिनिव्हाला गेल्या होत्या. तेव्हा तर दक्षिणेत बसमध्येही वेगळं बसावं लागत होतं.

आता कामाचं. रूममेटला पेल ग्रांट मिळत असेल तर गिलमन स्कॉलरशिप तिच्यासाठीच आहे: 5,000 डॉलरपर्यंत, ठराविक भाषा शिकायला गेल्यास 8,000 पर्यंत. अर्ज मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास. पासपोर्ट आत्ताच काढायला सांगा. फायनान्शियल एड ऑफिसात तिनं एकच प्रश्न विचारावा: पैसे सुटेपर्यंत डिपॉझिट पुढे ढकलता येईल का? पुष्कळ ठिकाणी होतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तिच्या आईला तुम्ही समजवायला जाऊ नका. जाऊन आलेल्या एखाद्या ब्लॅक मुलीच्या आईशी फोन जोडून द्या. आमच्या ऑफिसात अशा चार-पाच आयांची यादी आहे, रूममेटच्या कॉलेजातही चौकशी करा.

ती कितव्या वर्षाला आहे आणि मेजर काय, ते कळवा. नर्सिंग किंवा इंजिनिअरिंग असेल तर अख्ख्या सेमिस्टरपेक्षा उन्हाळ्यातले सहा आठवडे बघावे लागतील, आणि त्याच्या तारखा वेगळ्या असतात.