वाचक विचारतात : पन्नास टक्के शिष्यवृत्ती की मुंबईतली खोली?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातील असून यंदा कला शाखेतून बारावी झाले. घरची अडीच एकर द्राक्षबाग आहे, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढलेले आहे. मला पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करायचा आहे आणि निदान आज तरी न्यायाधीश व्हावे असे वाटते. क्लॅट या देशपातळीवरील विधी प्रवेश परीक्षेच्या गुणांवर परराज्यातील एका नव्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळते आहे. तेथे वसतिगृहासह वर्षाला सुमारे तीन लाख रुपये खर्च येईल. एका खासगी विद्यापीठाचे शुल्क चार लाख आणि वसतिगृह-खानावळ दीड लाख आहे, परंतु त्यांनी ५० टक्के शिष्यवृत्तीचे पत्र पाठवले आहे. राज्याच्या सीईटीतील गुण पाहता मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्रवेश मिळेल असे दिसते. वडील पाच वर्षांत फार तर पाच लाख उभे करू शकतील, बाकीचे कर्ज काढावे लागेल. नातेवाईक म्हणतात की शिष्यवृत्ती नाकारू नये. काय करावे?
— एक वाचक, जिल्हा सांगली

उत्तर : तुम्ही सोबत जोडलेले खासगी विद्यापीठाचे पत्र मी दोनदा वाचले. ‘५० टक्के’ हे शब्द ठळक अक्षरांत आहेत आणि त्याखालच्या बारीक ओळीत ‘प्रथम वर्षाच्या शिक्षण शुल्कावर’ असे लिहिले आहे. पुढील वर्षांसाठी वर्गातील पहिल्या दहा टक्क्यांत येण्याची अट आहे. म्हणजे खात्रीने मिळणारी सूट दोन लाखांची, आणि पाच वर्षांचे शिक्षण शुल्क वीस लाखांचे. ५० टक्के म्हणून जे सांगितले गेले ते प्रत्यक्षात १० टक्के भरते. वसतिगृह धरून तुमच्या घरातून साडेपंचवीस लाख रुपये जातील, आणि तेही शुल्क दरवर्षी वाढले नाही तर. हीच सूट पाचही वर्षांसाठी, गुणांच्या अटीविना, लेखी मिळत असेल तर पत्र पुन्हा विचारात घ्या. तोवर नातेवाईकांना हा हिशेब दाखवावा.

आता राष्ट्रीय विधी विद्यापीठाकडे वळू. पाच वर्षांचे पंधरा लाख, त्यांपैकी पाच लाख वडिलांचे, म्हणजे कर्ज दहा लाखांचे. बँक दरवर्षी दोन लाख देईल आणि अभ्यासक्रम संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता मागणार नाही, परंतु व्याज पहिल्या दिवसापासून धावत असते. दहा टक्के सरळ व्याज धरले तरी सहा वर्षांच्या अखेरीस दहाचे चौदा लाख होतात आणि दहा वर्षांच्या फेडीचा मासिक हप्ता साधारण साडेअठरा हजार रुपये पडतो. या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरांत दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी सूचना केली. ती सूचनाच आहे, बंधन नाही, आणि जिल्हा न्यायालयांत नव्या ज्युनिअरच्या हाती त्याहून बरेच कमी पडते हे बार रूममध्ये बसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

कर्ज किती घेतले यावर आपण पुढे कोणती वकिली करू शकतो हे बरेचसे ठरून जाते, हे प्रवेशाच्या धामधुमीत कोणी सांगत नाही. साडेअठरा हजारांचा हप्ता डोक्यावर असलेली मुलगी सीनियरच्या चेंबरमध्ये तीन वर्षे काढू शकत नाही. तिला पदवीच्या वर्षीच पगाराची नोकरी धरावी लागते, मग ती बँकेच्या विधी विभागात असो की एखाद्या कंपनीत. त्यात वाईट काही नाही. परंतु तुम्हाला न्यायाधीश व्हायचे आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. कॉलेजमधून थेट परीक्षेला बसण्याची वाट त्यामुळे बंद झाली. सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळाल्यापासूनची ती तीन वर्षे कमी मिळकतीची असणार हे धरून चालावे लागेल, आणि म्हणून तुमच्या बाबतीत कमी कर्ज म्हणजे नुसती बचत नव्हे, ती परीक्षेपर्यंत टिकून राहण्याची सोय आहे.

मी सांगलीत ज्युनिअर म्हणून लागलो तेव्हा पहिले वर्षभर माझ्या टेबलावर कायद्याच्या पुस्तकांपेक्षा सातबारा, फेरफार आणि जुनी खरेदीखतेच अधिक असत. वाटपाच्या एका दाव्यात आजोबांच्या नावापुढे ‘एकत्र कुटुंब पुढारी’ असे लिहिले होते. सगळा वाद त्या तीन शब्दांपाशी येऊन थांबला होता. आमच्या सीनियरने मला तो उतारा हाती देऊन एवढेच विचारले, “पुढारी म्हणजे मालक का?” मला उत्तर आले नाही. कनिष्ठ न्यायालयांचे बरेच कामकाज मराठीत चालते, दावा आणि कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) मराठीत असते, साक्षीदार मराठीत बोलतो, आणि लोकसेवा आयोगामार्फत होणाऱ्या न्यायाधीशांच्या भरतीसाठीही मराठीचे ज्ञान लागते. दूरच्या राज्यात पाच वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याला हे शिकता येत नाही असे मुळीच नाही, परंतु सुट्टीत जिल्हा न्यायालयात जाऊन बसणे त्याला प्रवासापोटीच महाग पडते. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सांगलीसह सहा जिल्ह्यांचे काम तेथे चालते. तुमच्या गावापासून उच्च न्यायालय आता एसटीच्या अंतरावर आले आहे, आणि आमच्या पिढीला हे भाग्य लाभले नाही असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

राष्ट्रीय विधी विद्यापीठे सगळी एका मापाची नसतात. बंगळूर, हैदराबाद, कोलकाता अशा जुन्या विद्यापीठांत मोठ्या लॉ फर्म पहिल्या फेरीत येतात. तेथे जागा मिळाली असती आणि तुम्हाला कंपनी कायद्याची ओढ असती, तर कर्ज काढून जा असे मी न कचरता लिहिले असते. नव्या विद्यापीठाबाबत मात्र नोकऱ्यांचा अहवाल मागून घ्या आणि त्यात सरासरी पगार पाहू नका, कारण दोन मोठ्या पगारांनी सरासरी फुगते. बरोबर मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले, नोकरीसाठी नोंदणी किती जणांनी केली आणि ‘स्वतःचा व्यवसाय’ या रकान्यात किती जण ढकलले आहेत, हे विचारा. उत्पन्नावर आधारित शुल्कसवलत आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ‘आयडिया’ ही संस्था वंचित घरांतील विद्यार्थ्यांना या विद्यापीठांत पोहोचवण्याचे आणि तेथे टिकवण्याचे काम करते. तिच्याकडे चौकशी करायला संकोचू नका.

तरीही तिकडेच जायचे ठरले, तर ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेच्या यादीत ते विद्यापीठ आहे का हे बँकेत जाण्यापूर्वी पाहावे. यादीतील संस्थेसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते. वर मांडलेल्या हिशेबात चार लाखांचे व्याज त्यामुळे दोन लाख ऐंशी हजारांवर येईल. मात्र ही व्याजसवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही.

राज्य शासनाने जुलै २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी गटांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे ‘कॅप’मधून झालेला असावा लागतो, खासगी आणि अभिमत विद्यापीठे यातून वगळलेली आहेत, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेलाही माफी नाही. गंमत अशी की मुंबईच्या शासकीय महाविद्यालयाचे शुल्क मुळातच इतके कमी आहे की माफीने तुमचा फारसा फायदा होणार नाही. जवळच्या विनाअनुदानित महाविद्यालयात गेलात तर ती खरोखर कामी येईल, पण तेथेही विकास निधी, ग्रंथालय, अनामत असे जे रकाने पावतीवर असतात ते भरावे लागतात. प्रवेशाआधी कोरी पावती मागून प्रत्येक रकाना वाचावा.

मुंबईचा खरा खर्च राहण्याचा आहे. खोलीत तिघींनी मिळून राहिले तरी दरमहा चौदा हजार धरा. वर्षाचे दहा महिने मोजले तर पाच वर्षांचे सात लाख होतात. वडिलांचे पाच लाख वजा जाता कर्ज दोन लाखांचे उरते. शासकीय वसतिगृहासाठी आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर पहिल्या महिन्यातच अर्ज केलात तर तेही कमी होईल. १८५५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाचे एक उणे सांगितले पाहिजे: तेथे कोणी हाताला धरून शिकवणार नाही आणि नोकरीही आणून देणार नाही. पण उच्च न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे, फोर्टमधील चेंबरही तेवढीच जवळ आहेत, आणि तास संपल्यावर तिथे जाऊन बसणारी मुलगी पाच वर्षांत जे पाहते ते वर्गात पाहायला मिळत नाही. तुमच्या ध्येयाकडे आणि घरच्या हिशेबाकडे पाहता मी मुंबई निवडीन.

एक अडचण तारखांची आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश उन्हाळ्यातच आटोपतात, तर राज्याच्या कॅप फेऱ्या अनेकदा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतात. मधल्या काळात जागा धरून ठेवण्यासाठी पैसे भरावे लागतात. कोणत्या तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर किती रक्कम परत मिळते, हे छापील नियमांतून उतरवून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. फोनवरचे आश्वासन धरून बसू नये.

प्रश्न : माझा मुलगा संगणक अभियंता असून पुण्यात नोकरी करतो. नोकरी सांभाळून तीन वर्षांचा एलएलबी करता येईल, हजेरीचे आम्ही पाहू, असे एका महाविद्यालयाने सांगितले. त्याला पेटंटच्या कामात रस आहे. शिष्यवृत्ती मिळेल काय?
— एक पालक, नाशिक

उत्तर : ‘हजेरीचे आम्ही पाहू’ म्हणणाऱ्या महाविद्यालयात पाऊल ठेवू नये. बार कौन्सिलच्या नियमांनुसार ७० टक्के उपस्थिती लागते, आणि २०२४ च्या परिपत्रकानंतर विद्यार्थ्याकडून नोकरीविषयी प्रतिज्ञापत्रही घेतले जाते. खोटी हजेरी सनदेच्या वेळी अंगाशी येऊ शकते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज योजनेतून मुलांना निम्मे शिक्षण शुल्क मिळते. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेचे शुल्क फार कमी आहे आणि प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतो. पेटंट एजंटच्या, म्हणजे इतरांचे पेटंट अर्ज दाखल करणाऱ्याच्या, परीक्षेला मात्र कायद्याची पदवी लागतच नाही, अभियांत्रिकीची चालते. त्याने नोकरी न सोडता आधी ती परीक्षा द्यावी, आणि काम आवडले तर एलएलबीचा खर्च करावा.