घोषणापत्रातील आडवी रेघ

बाहेरच्या व्यावसायिकाकडे ग्राहक पाठवून कमिशन घेतले आणि आता कंपनीने आरोपपत्र बजावले, अशा आशयाची पत्रे मला वरचेवर येतात; आपण निदान कागदपत्रे सोबत जोडलीत, हे बरे केले. आपण कंपनीच्या ग्राहकसेवा विभागात अकरा वर्षे आहात. त्यांपैकी तीन वर्षे आपण एका विमा प्रतिनिधीकडे ग्राहक पाठवत होता आणि त्याचे कमिशन थेट आपल्या बँक खात्यात जमा होत होते. आता आपण निलंबित आहात आणि ‘राजीनामा द्या, प्रकरण मिटवू’ असे व्यवस्थापन सुचवते आहे. कंपनी विमा विकत नाही, तिचे काही नुकसान झाले नाही आणि वरिष्ठांना सारे ठाऊक होते, हा आपला बचाव.

या बचावावर फार भिस्त ठेवू नका. आपल्या पदाचा उपयोग करून मालकाला न सांगता मिळवलेल्या लाभाचा प्रश्न मालकाच्या नुकसानीवर अवलंबून नसतो. दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या प्रतिनिधीने त्या मुख्य व्यक्तीला अंधारात ठेवून स्वतःसाठी केलेल्या व्यवहारातील लाभ तिला मागता येतो, असे भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २१६ सांगते आणि त्यामागचे तत्त्व येथेही लावले जाईल. वरिष्ठांना ठाऊक असणे आणि कंपनीने लेखी परवानगी देणे यांत फरक आहे, आणि आपल्या नियुक्तिपत्रात ‘लेखी पूर्वपरवानगीशिवाय’ हे शब्द स्पष्ट आहेत.

खरा प्रश्न दुसऱ्याच कागदावर आहे. आपण दर एप्रिलमध्ये जे वार्षिक घोषणापत्र भरून देता, त्यात ‘कंपनीच्या ग्राहकांशी किंवा पुरवठादारांशी संबंधित अन्य उत्पन्न’ असा रकाना आहे, आणि त्यात आपण तिन्ही वर्षी आडवी रेघ ओढून खाली सही केली आहे. सगळेच तसे करतात, वाचतो कोण, असे आपण लिहिता. वाचायला हवे होते. त्या रेघेमुळे आरोपाचे स्वरूपच बदलले आहे. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या अनेक वादांना उपयोगी पडलेली भूमिका घेतली, ती अशी की स्थायी आदेशांच्या, म्हणजे आस्थापनेच्या नोकरीविषयक नियमांच्या, यादीत न बसणाऱ्या वर्तनाला गैरवर्तन ठरवून शिक्षा देता येत नाही. केवळ कमिशन घेणे यादीतील ‘लाच किंवा बेकायदेशीर लाभ’ या शब्दांत बसते का, यावर भांडायला जागा आहे. पण खोटे घोषणापत्र ‘मालकाच्या धंद्यासंबंधी फसवणूक किंवा अप्रामाणिकपणा’ या शब्दांत सहज बसते.

म्हणून तिन्ही घोषणापत्रांच्या तारखा आणि पासबुकातील नोंदी शेजारी ठेवून पाहा. पहिले घोषणापत्र ५ एप्रिलचे आहे आणि कमिशनची पहिली रक्कम त्याच वर्षी २२ ऑगस्टला जमा झाली आहे, म्हणजे त्या दिवशीची रेघ खरी होती. आरोपपत्र मात्र तिन्ही घोषणा खोट्या म्हणते. रकान्याच्या वर छापलेली सूचना मागील वर्षाचे उत्पन्न विचारते की त्या वेळी चालू असलेले, हे आपण पाठवलेल्या झेरॉक्सवर वाचता येत नाही, आणि दुसऱ्या वर्षाच्या घोषणेचे भवितव्य त्याच ओळीवर ठरू शकते.

उत्तरासाठी दिलेले सात दिवस संपून बारा दिवस झाले, आणि आपण मला आत्ता लिहिता! आजच लेखी मुदतवाढ मागा, मूळ घोषणापत्रांच्या प्रती मागा आणि दोन्हींची पोच घ्या. अन्यथा चौकशी एकतर्फी चालेल. उत्तरात कमिशन नाकारू नका. बँकेच्या नोंदी समोर आहेत आणि खात्यांतर्गत चौकशीत फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही. बडतर्फीपूर्वी चौकशी अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या करुणाकर निकालाने पक्का केला आहे, तो सोडू नका.

राजीनाम्याकडे मी आपल्यापेक्षा कमी तिरस्काराने पाहतो. नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल अशा कृत्यासाठी सेवा समाप्त केल्यास ग्रॅच्युइटी जप्त करता येते आणि त्यासाठी आधी फौजदारी शिक्षा झालेली असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटले आहे. जप्तीचा हा अधिकार सेवासमाप्तीशी जोडलेला असल्याने अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी राजीनाम्याने बहुधा वाचेल. फौजदारी तक्रार होईल का, हे सांगता येत नाही. विश्वासघाताचे कलम लावायचे तर मालमत्ता आपल्याकडे सोपवलेली असावी लागते, आणि परक्याने दिलेले कमिशन त्यात बसवणे सोपे नाही.

कामगार न्यायालयाचा मार्ग आपल्याला खुला आहे की नाही, हे प्रत्यक्ष कामावर ठरेल. आपले काम मुख्यतः देखरेखीचे असेल आणि वेतन दरमहा १८,००० रुपयांहून अधिक असेल, तर औद्योगिक संबंध संहितेनुसार आपण कामगार ठरणार नाही, आणि दिवाणी न्यायालय सहसा नोकरी परत देत नाही. कामगार ठरलात, तरी निकालाला किती वर्षे लागतील ते कोणी विचारू नये. निलंबनाच्या पहिल्या ९० दिवसांसाठी वेतनाच्या निम्मा आणि पुढे, विलंब आपला नसल्यास, ७५ टक्के निर्वाह भत्ता मात्र कामगाराला मिळायलाच हवा.

व्यवस्थापनाने पाठवलेल्या राजीनाम्याच्या मसुद्यात ‘मी कंपनीची फसवणूक केल्याचे मान्य करतो’ असे वाक्य आहे. ते काढून टाकल्याशिवाय आणि ग्रॅच्युइटी देण्याचे लेखी मान्य झाल्याशिवाय त्यावर सही करू नका. या वेळी सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचा.