वेग 'राखणे' की 'जुळवणे'?

विमानांच्या फॉर्मेशनवरच्या, म्हणजे रचना करून एकत्र उडण्यावरच्या, लेखाचं भाषांतर करताना तुम्हाला अडलेला प्रश्न असा: मागचं विमान पुढच्याच्या वेगाने उडतं तेव्हा त्याचा वैमानिक वेग 'राखतो' की 'जुळवतो'? शिवाय इंजिनाच्या 'पॉवर'ला 'शक्ती' चालेल का?

दोन्ही क्रियापदं घ्या, माणसं मात्र वेगळी. वेग राखतो तो लीडर, म्हणजे पुढच्या विमानाचा वैमानिक. विंगमन, म्हणजे मागचा, जुळवतो. तंबोऱ्याची तार जुळवताना खुंटी एकदाच पिळून भागत नाही. जरा चढवायची, जरा उतरवायची, कान सुरावर. इथे खुंटीच्या जागी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, आणि कानाच्या जागी डोळा. लीडरच्या पंखाच्या टोकावरचा दिवा त्याच्याच धडावरच्या ठरलेल्या खुणेशी रेषेत ठेवायचा. दिवा खुणेच्या पुढे सरकला, म्हणजे आपण मागे पडतोय. थ्रॉटल किंचित पुढे. विमान सरकू लागलं की लगेच मागे, मग दोहोंच्या मधे कुठेतरी. जागेवर पोहोचेपर्यंत वाट पाहिली तर पुढे निघून जाल, कारण हात हलला तरी जेट इंजिनाला जोर बदलायला वेळ लागतो.

(शाळेच्या पुस्तकात दिशेचा विचार नसेल तर 'चाल' म्हणतात. पण 'चाल जुळवणे' लिहिलंत तर वाचक थेट गाण्यात शिरेल.)

'बरोबरी करणे' नको, त्यात चुरस आहे. 'गाठणे' ठेवा ते दुरून येऊन फॉर्मेशनमध्ये सामील होण्यासाठी. गाठायला वेग जास्त लागतो आणि तो पोहोचण्याआधीच उतरवावा लागतो. म्हणजे गाठणं संपायच्या आत जुळवणं सुरू झालेलं असतं.

'शक्ती' चूक नाही, पण 'शक्ती व्यवस्थापन' वाचलं की परिपत्रक हातात आल्यासारखं वाटतं. मी 'जोर' लिहीन: जोर दिला, जोर काढून घेतला. जेटच्या ढकलण्याबद्दलच बोलायचं असेल तर 'रेटा'ही छान.

आणि 'राखणे' लीडरकडे आणखी एका अर्थाने येतं. वळताना बाहेरच्या विमानाला मोठा फेर पडतो, त्याला जादा जोर लागतो. लीडरनेच इंजिन पूर्ण ताणलं असेल तर मागचा हा जादा जोर आणणार कुठून? म्हणून लीडर थोडा जोर मागच्यांसाठी राखून ठेवतो. ते 'राखून' भाषांतरात गाळू नका.