मालमत्तेची अट उठली, पण कोणासाठी?

प्रश्न : मतदानासाठीची मालमत्तेची अट उठल्यामुळे १८२८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन अमेरिकेचे अध्यक्ष झाले, असे वाचले. ही अट का उठली आणि तिचा लाभ सर्वांना झाला का?

उत्तर : न्यूयॉर्क राज्याचे उदाहरण पाहू. तेथे १७७७ च्या राज्यघटनेनुसार गव्हर्नरच्या निवडणुकीत मत देण्यासाठी किमान १०० पौंड किमतीची जमीन स्वतःच्या मालकीची असावी लागे. बंदरे आणि शहरे वाढू लागली तसे कर भरणारे, ब्रिटनविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात लढलेले, पण जमीन नसलेले कारागीर आणि कुळे आपला हक्क मागू लागले. जेम्स केंट यांच्यासारख्या न्यायाधीशांचा कडवा विरोध मोडून १८२१ च्या घटनेने ती अट गोऱ्या पुरुषांपुरती काढून टाकली. त्याच घटनेने कृष्णवर्णीय पुरुषांवर मात्र २५० डॉलर किमतीच्या मालमत्तेची अट लादली आणि ती १८७० पर्यंत टिकली. स्त्रियांचा तर विचारही झाला नाही. शेजारच्या न्यूजर्सीत मालमत्ता असलेल्या स्त्रियांना असलेला मताधिकार १८०७ मध्येच काढून घेण्यात आला होता. अधिकार देताना तो कोणाला नाकारायचा हेही इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवावे, हे मला फार क्लेशदायक वाटते.

अर्थकारणही त्याच वेगाने बदलत होते. ऑल्बनी ते बफेलो हा ३६३ मैलांचा एरी कालवा १८२५ मध्ये पूर्ण झाला. तो जेमतेम चार फूट खोल होता आणि काठावरून चालणारे घोडे व खेचरे त्यातल्या नावा ओढत. तरीही मालवाहतुकीचा खर्च एकदम घसरला आणि पश्चिमेकडचा गहू न्यूयॉर्क बंदरात येऊ लागला. नवी जमीन, कर्ज आणि बँका हेच त्यामुळे निवडणुकीचे प्रश्न झाले.

जॅक्सन यांच्या विजयाचे श्रेय केवळ अट उठण्याला देता येणार नाही. बहुतेक राज्यांत अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी आता विधिमंडळाऐवजी थेट मतदार निवडू लागले होते, आणि १८२४ मधील सुमारे साडेतीन लाख मतांच्या जागी १८२८ मध्ये अकरा लाखांहून अधिक मते पडली. या नव्या मतदारांपैकी अनेकांना दक्षिणेत कापसासाठी जमीन हवी होती. १८३० च्या कायद्याने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचे धोरण ठरले. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या भूमीवर लागू होत नाहीत, असा निर्णय दिला, तरीही १८३८ मध्ये सैन्याने त्यांना घरांतून बाहेर काढले आणि त्या स्थलांतरात हजारो माणसे मेली.