गणिताचं डोकंच नाही

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

नववीला गणित शिकवू लागून तुला चार महिनेही झाले नाहीत, तोच ‘निम्म्या मुलांना गणिताचं डोकंच नाही’ असा निकाल देऊन तू मोकळा झालास. तुझा वैताग मला कळतो. परंतु हेच वाक्य ती मुले स्वतःविषयी म्हणू लागली, तर ते त्यांच्या गुणांत उतरते.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील सातवीच्या ३७३ विद्यार्थ्यांची दोन वर्षांची वाटचाल अभ्यासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बुद्धी वाढवता येते असे मानणाऱ्यांचे गणिताचे गुण चढत गेले. ती ठरलेलीच असते असे मानणाऱ्यांचे मात्र जवळपास होते तिथेच राहिले. गुण कमी पडले तर पहिली मुले जास्त अभ्यास करण्याचा किंवा पद्धत बदलण्याचा विचार करीत, तर दुसऱ्यांचा कल विषय टाळण्याकडे, प्रसंगी कॉपीकडेही झुके.

तू हुशार मुलांचे जे कौतुक करतोस, तेही निरुपद्रवी नाही. ड्वेक यांच्याच १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ‘किती हुशार आहेस’ असे ऐकलेली मुले पुढे अवघड प्रश्नांत अडखळताच लवकर खचली, आणि त्यांच्यापैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलांनी अनोळखी मुलांना आपले गुण वाढवून सांगितले. मेहनतीचे कौतुक झालेल्यांत असे करणारी मुले बरीच कमी होती.

पण म्हणून उद्या लगेच वर्गात ‘मेंदू घडवता येतो’ असा फलक लावू नकोस. अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांना तासाभराहून कमी वेळात हीच गोष्ट समजावल्यावर मागे पडलेल्यांची श्रेणी ४ पैकी सरासरी ०.१ इतकीच वाढली, असे २०१९ साली दिसले. आणि जिथे सोबत्यांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची रीत होती, तिथे फरक अधिक पडला. श्रद्धेने समीकरण सुटत नाही. ‘मेहनत कर’ एवढेच सांगणे तर मला निष्ठुरच वाटते, कारण जे मूल रात्री बसून तीच चूक दहा वेळा गिरवते, त्याची मेहनतच त्याला आपण मठ्ठ असल्याचा पुरावा वाटू लागते.

उदाहरण चुकले की पूर्ण उत्तरावर लाल फुली मारण्याऐवजी जिथवर बरोबर आहे त्या ओळीपाशी खूण कर, आणि पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदलायचे राहिले असेल तर तेवढेच लिहून तेच उदाहरण पुन्हा सोडवून घे. दुसऱ्या खेपेचे गुणही मांड.

सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की नापासांपैकी तिघांच्या वह्या घेऊन ये. ‘डोकं’ नेमके कोणत्या ओळीवर थांबते, ते आपण दोघे मिळून पाहू.